सही खोलीची, सौदा वाडीचा

‘रहिवाशांच्या सह्या आहेत.’ या आठवड्यात हे वाक्य पुन्हा छापून आलं आणि माझं डोकं पुन्हा फिरलं. गिरगावात वाडीच्या तोंडाशी मनोरा उभा राहतो, या बोळात अग्निशमनाचा बंब वळणार कसा असं कुणीतरी विचारतं, आणि उत्तर मिळतं पुनर्विकासाला दिलेल्या सह्यांचं.

सह्या कशावर आहेत ते वाचा तरी! नव्या घराचं क्षेत्रफळ, बांधकाम होईपर्यंतचं भाडं, कॉर्पस फंड, ताबा कधी मिळणार ते. दीडशे-दोनशे फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या, रात्री-अपरात्री सामाईक संडास गाठणाऱ्या माणसाने त्यावर सही करायलाच हवी. मोडकळीला आलेल्या चाळीचे गोडवे मी गाणार नाही. ऑगस्ट 2017 मध्ये भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि तिच्याखाली तीसहून अधिक माणसं गेली. पक्कं घर हा या लोकांचा हक्क आहे.

पण त्या कागदावर गल्लीच्या रुंदीचा रकाना नसतो. पाण्याचा, गटाराचा, शाळेचा नसतो. जिच्या गॅलरीतला उजेड कायमचा जाणार, त्या शेजारच्या चाळीची सही कुणी घेतली? समोरच्या वाडीची? कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याची? शिवाय उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींसाठी पूर्वी 70 टक्के रहिवाशांची संमती लागायची, आता 51 टक्के पुरते. जवळजवळ निम्मी चाळ नको म्हणत असली तरी कागदोपत्री ‘रहिवासी तयार’. माणूस सही करतो ती आपल्या खोलीपुरती. वाडी त्याच्या एकट्याची नाही, ती देऊन टाकायचा अधिकार त्याला नाही आणि त्याने तो मागितलेलाही नाही. वाडीचा विचार हे नियोजन करणाऱ्यांचं काम. ते न करता गरजू माणसाच्या गरजेची ढाल पुढे करणं मला अनैतिक वाटतं.

घरांचा तुटवडा आहे, जागा महाग आहे, हेही सांगतात. ज्यांना तुटवडा भासतो त्यांना या मनोऱ्यांतली विक्रीची घरं परवडत नाहीत. त्यावर इतकंच पुरे.

नियोजन या शहराला जमतच नाही, असं नाही. 1896च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने गरिबांची घरं निर्दयपणे पाडली, ते मी विसरत नाही. पण दादर-माटुंग्याची आखणी करताना त्याने आधी रस्ते आखले, मोकळी जागा ठेवली, मग भूखंड दिले. पारशी कॉलनी, हिंदू कॉलनीतली झाडं आणि इमारतींमधलं अंतर ही त्या आखणीची देणगी. आज हिशेब प्रत्येक भूखंडाचा वेगळा होतो. पुनर्वसनाचं बांधकाम जितकं जास्त, तितकं विक्रीचं चटईक्षेत्र जास्त. बेरीज गल्लीवर पडते आणि ती बेरीज कुणी करत नाही. खाली पहिले कित्येक मजले मोटारींना. जिथे ओटे होते तिथे आता पार्किंगची भिंत. या भिंतींचा मला मनापासून राग आहे, मी तो पुन्हा पुन्हा लिहीन.

परळ-लालबागमध्ये तर सह्यांचाही प्रश्न नव्हता. 1991च्या नियमाने कापड गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला, एक मालकाला. 2001च्या दुरुस्तीने हे वाटे फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरते उरले आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. मैदानं गेली, कामगारांची घरं गेली. कार्यालयं आली, रेल्वेचा पादचारी पूल तेवढाच राहिला. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या त्या पुलावर 23 माणसं चेंगरून मेली. आता त्याच परळच्या घरांच्या जाहिराती ‘अप्पर वरळी’ म्हणून येतात. ज्यांना परळ म्हणायची लाज वाटते, त्यांनी परळमध्ये घरं विकू नयेत.

माझं मागणं मोठं नाही. एका इमारतीला परवानगी देण्याआधी महापालिकेने त्या वाडीचा सगळा आराखडा मराठीत लोकांपुढे ठेवावा: रस्ता किती फुटांचा, बंब कुठून येणार, पाणी किती, शाळा आणि मैदान कुठे. शेजारच्या चाळींचं म्हणणं ऐकावं. खोताच्या वाडीसारखी कमी उंचीच्या बंगल्यांची जागा असेल, तर तिच्या भोवतालीही उंचीची मर्यादा पाळावी. हे झाल्यावर मनोरा बसत असेल तर बसू दे, मी आडवा येणार नाही.

तोवर सही करणाऱ्या रहिवाशाला बोल लावू नका. मंजुरीच्या कागदावर ज्या अधिकाऱ्याची सही आहे, त्याला जाब विचारा.