पहिला म्हणजे कितवा?

माथेरानला गेलात की माकडं हातातली पिशवी ओढतात. डोक्यावर केसांची टोपी घातलेली ती माकडं आणि आपण एकाच गणातले: प्रायमेट्स. मराठीत नरवानर गण. मूळ शब्द लॅटिन ‘प्रीमुस’, म्हणजे पहिला.

कार्ल लिनियसने १७३५ मध्ये या गणाला ‘अँथ्रोपोमॉर्फा’, म्हणजे माणसासारखे, असं नाव दिलं होतं. त्यात माणूसही होता. (माणूस माणसासारखा दिसतो, हा शोधच म्हणायचा.) १७५८ च्या आवृत्तीत नाव झालं प्रायमेट्स: अव्वल दर्जाचे. चर्चमध्ये ही पदवीच आहे, गोव्याच्या आर्चबिशपना ‘पूर्वेचे प्रायमेट’ म्हणतात. लिनियसच्या अव्वल यादीत वटवाघळंही होती. ती नंतर बाहेर गेली. यादी करणारा माणूसच, त्यामुळे त्याचा नंबर हलला नाही.

‘प्रीमुस’चीच दुसरी शाखा ‘प्रिमिटिव्ह’. इथे पहिला म्हणजे काळाने पहिला, म्हणून मागे राहिलेला. १९७५ मध्ये केंद्र सरकारने काही जमातींना ‘प्रिमिटिव्ह ट्रायबल ग्रुप’ ठरवलं. आपल्याकडे ‘आदिम जमात’. कर्जत-खालापूरच्या वाड्यांमधले कातकरी त्यातच येतात. २००६ मध्ये ‘प्रिमिटिव्ह’ जाऊन ‘विशेष असुरक्षित’ या अर्थाचं नाव आलं. ‘आदिम’ मात्र मराठी कागदांवर अजून भेटतं.

दोन वर्षांपूर्वी एका सर्वेक्षणाच्या अ‍ॅपमध्ये मी एका रकान्याला नाव दिलं ‘इज प्रिमिटिव्ह’. उत्तर ट्रू किंवा फॉल्स. कोड रिव्ह्यूत कुणी काही बोललं नाही. रात्री शाळेतला मित्र आठवला. खालापूरकडच्या कातकरवाडीतला, गणितात माझ्यापुढे. दिवाळीनंतर तो घरच्यांबरोबर वीटभट्टीवर जायचा. आठवीत गेला तो परत आला नाही. त्याच्या नावापुढे माझ्या अ‍ॅपने ‘ट्रू’ लिहिलं असतं.

टीममधला एकजण म्हणाला, नावाने काय होतं, लाभ मिळाल्याशी मतलब. अर्धं खरं आहे. यादीच नसेल तर घर कुणाला द्यायचं, हे ठरणार नाही. पण ‘आदिम’ म्हटलं की सगळा दोष काळावर जातो: हे लोक अजून पोचलेच नाहीत, एवढंच. भट्टीवाल्याची उचल फिटत का नाही, वाडीखालची जमीन कुणाच्या नावावर आहे, हे विचारावंसंही वाटत नाही. ‘असुरक्षित’ म्हटलं तर निदान ‘कुणापासून?’ असं तरी विचारता येतं.

रकान्याचं नाव मी बदललं. अर्धा तास लागला. सर्वेक्षणाच्या छापील फॉर्मवर ‘आदिम’ तसंच आहे.