वृद्धांची सेवा : संततीचे कर्तव्य, समाजाची अमानत

दिव्य कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:२३-२४) अल्लाहने आपल्या उपासनेच्या आदेशालगतच माता-पित्यांशी सद्वर्तनाचा आदेश दिला आहे. ते वार्धक्याला पोहोचले तर त्यांच्यापुढे ‘उफ्’देखील काढू नये, अशी ताकीद आहे. धडधाकट पित्याचा आदर करणे सोपे असते. अंथरुणाला खिळलेल्या पित्याची कूस बदलणे, त्याला अंघोळ घालणे, मलमूत्र स्वच्छ करणे, आणि हे वर्षानुवर्षे करीत राहणे, ही खरी कसोटी होय.

बंधू-भगिनींनो, ही जबाबदारी कोणाची? शरीअतमध्ये तिचे दोन भाग आढळतात.

पहिला भाग संततीचा. गरजू माता-पित्यांना मुलाने आपली जकात देणे योग्य नाही, असे धर्मशास्त्रज्ञ सांगतात. कारण त्यांचा निर्वाह हे मुळातच त्याचे कर्तव्य आहे. मात्र आपल्या घरांत हे ओझे नकळत सुनेच्या खांद्यावर जाते. सासू-सासऱ्यांची सेवा हे तिचे कायदेशीर कर्तव्य नव्हे. ती करते तो तिचा इहसान आहे. त्याची जाण ठेवणे आणि स्वतः हात लावणे, हे पुत्राचे काम.

दुसरा भाग समाजाचा. इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी ‘किताबुल खराज’मध्ये एक प्रसंग नोंदविला आहे. हजरत उमर (रजि.) यांना एक दृष्टिहीन यहुदी वृद्ध भीक मागताना दिसला. त्यांनी त्याला घरी नेऊन मदत केली आणि बैतुलमालच्या अधिकाऱ्याला आदेश दिला, की याचा व याच्यासारख्यांचा विचार करावा. तारुण्यात ज्याच्याकडून कर घेतला, त्याला म्हातारपणी वाऱ्यावर सोडणे न्याय्य नाही, हे त्यामागील तत्त्व होते. त्यांनी त्याचा जिझिया माफ केला. ही भिक्षा नव्हती, हक्क होता. आणि तो धर्म पाहून दिला गेला नाही.

दीर्घकालीन शुश्रूषेसाठी जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये सार्वजनिक विमा सुरू केला. आपल्याकडे श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांना दरमहा १,५०० रुपये मिळतात. आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांवरील वृद्धांना रुग्णालयातील उपचारांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. परंतु घरी घास भरविणाऱ्या हाताची तरतूद यांत नाही. ती मागणे म्हणजे लाचारी नव्हे. तसेच सरकारी मदत मिळाली म्हणून पुत्र आपल्या कर्तव्यातून मुक्त होत नाही. पैशाने सेवक मिळेल. पण उशाशी बसणारा मुलगा मिळणार नाही.

तोपर्यंत आपल्या मोहल्ल्यात कोण एकाकी व अंथरुणाला खिळलेले आहे, याची मस्जिद समितीने यादी करावी. तरुणांनी त्यांचे अर्ज तहसील कार्यालयात पोहोचवावेत. सदक्याच्या निधीतून शुश्रूषा करणाऱ्यास वेतन द्यावे, आणि शेजारी कोणत्याही धर्माचा असो, त्याला वगळू नये.

अल्लाह आपल्या वृद्धांवर कृपा करो आणि आपल्याला त्यांच्या सेवेची सद्बुद्धी देवो. आमीन.