रात्री दोनचा फोन

सिडनीतली माझी चुलतबहीण, आमची ताई, गेल्या वर्षी फोन उचलेनाशी झाली. मेसेजला उत्तर द्यायची, बाल्कनीतल्या कढीपत्त्याचे फोटो पाठवायची, पण फोन केला की नुसता वाजत राहायचा. घरात त्याचे अर्थ निघालेच. "मोठी माणसं झाली ती आता," आत्या म्हणाली. मी काही बोलले नाही, पण मनातून मलाही तेच वाटत होतं. गणपतीच्या आदल्या आठवड्यात तिचाच मेसेज आला: 'एक काम कर गं. रविवारी रात्री साडेनऊला मला फोन लाव. मी उचलला नाही तरी वाजू दे.'

आपले साडेनऊ म्हणजे तिकडचे रात्रीचे दोन. असं का, हे मला विचारावं लागलं नाही. थोरले काका गेले त्या रात्री याच वेळेला ताईला फोन मीच केला होता.

परदेशी गेलेल्या प्रत्येकाच्या मनात हा अवेळीचा फोन दबा धरून बसलेला असतो. ताईच्या बाबतीत तो खरा झाला आणि त्यानंतर तिला कुठलाच फोन साधा वाटेना. दुपारी दूधवाल्याचं बिल विचारायला केलेला फोनसुद्धा. छातीत धडधडायचं, हात गार पडायचे. मग तिने आवाजच बंद करून टाकला. नोकरी चालू होती, डबे होत होते, मुलाच्या शाळेचं चालू होतं. 'आजारी' म्हणावं असं काही नव्हतं.

रात्री दोनच्या फोनचं ते काम मला ताईच्या एका कोर्सने लावलं होतं. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठात 'माइंडस्पॉट' नावाचं ऑनलाइन मानसोपचार केंद्र आहे. २०१३पासून ते काम करतं आणि त्याचा खर्च तिथलं केंद्र सरकार उचलतं. वय अठराच्या पुढे हवं, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, फी नाही. आधी प्रश्नावली भरायची, मग त्यांच्याकडचं कुणीतरी त्यावर आपल्याशी बोलतं. कोर्स आठ आठवड्यांचा, धडे पाचच. विचारांचा, शरीराचा आणि वागण्याचा एकमेकांशी संबंध काय, मनात आलेला विचार तपासायचा कसा, श्वास कसा सावकाश घ्यायचा, टाळलेल्या गोष्टीकडे पायरीपायरीने कसं जायचं आणि पुन्हा तोल गेला तर काय करायचं. "दिवाळी अंकातल्या लेखासारखंच होतं गं," ताई म्हणाली, "फक्त शेवटी गृहपाठ."

मी तिला लावलेला फोन म्हणजे चौथ्या धड्याचा गृहपाठ. तिने पायऱ्या लिहून काढल्या होत्या. पहिली, घंटीचा आवाज दिवसा चालू ठेवायचा. मग नवऱ्याने शेजारच्या खोलीतून फोन करायचा. मग भारतातून, ठरलेल्या वेळी. मग न ठरवता. सगळ्यात वरच्या पायरीवर मी होते.

रविवारी मी घड्याळाकडे बघत बसले. साडेनऊ वाजल्यावर माझंच बोट चालेना. शेवटी लावला. बराच वेळ वाजला. तिने उचलला, पण दोघींनाही काय बोलावं सुचेना. मग ती म्हणाली, "सगळे ठीक ना?" मी म्हटलं, "हो गं. मोदकांची पिठी संपलीये, एवढंच." ती हसली की रडली, मला नीट कळलं नाही.

चिंतेसाठी तिथे सात प्रश्नांची एक यादी भरून घेतात. मागच्या दोन आठवड्यांत किती वेळा अस्वस्थ वाटलं, किती वेळा काळजी आवरता आली नाही, असे प्रश्न. एकूण गुण २१. पाच ते नऊ आले तर चिंता 'सौम्य'. ताईला आठ आले होते. सौम्य हा शब्द मोजणाऱ्याचा आहे. या आठ गुणांपायी तिने सहा महिने आपल्या माणसांचा आवाज ऐकला नव्हता.

माइंडस्पॉटच्या पहिल्या सात वर्षांत सुमारे १ लाख २० हजार वेळा लोकांनी प्रश्नावली भरायला घेतली. कोर्सला नाव घातलं ते साधारण २२ हजार जणांनी. पहिल्यांदा मला ही गळती वाटली. आता तसं वाटत नाही. आपल्याला जे होतंय त्याला नाव आहे, ते इतरांनाही होतं, एवढंच कळायला हवं असणारे खूप असतात. कुणी तेवढ्यावर सावरतं, कुणी पुढे डॉक्टरकडे जातं. दार उघडून डोकावलेला प्रत्येक जण आत येऊन बसलाच पाहिजे, असं थोडंच आहे?

सरकारने असल्या 'सौम्य' दुखण्यावर पैसा का घालावा, हा प्रश्न येतोच. इंग्लंडमध्ये अर्थतज्ज्ञ रिचर्ड लेयार्ड आणि मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी तो हिशेबाने सोडवला: माणसं कामावर परततात, उपचारांचा खर्च भरून निघतो. २००८मध्ये तिथे सरकारी योजना सुरू झाली आणि आज तीत ऑनलाइन उपचारही आहेत. हिशेब बरोबर असेल. पण ताई एक दिवसही कामावरून घरी राहिली नव्हती. तिचं नुकसान त्या वहीत कुठल्या रकान्यात मांडणार?

आणि खरं सांगायचं तर पैसा धड्यांवर फार जात नसावा. धडे एकदा लिहिले की झाले. विचार तपासायची रीत मराठीलाही नवी नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली, डॉ. आनंद नाडकर्णी ठाण्याच्या 'आयपीएच' या मानसिक आरोग्य संस्थेतून वर्षानुवर्षं ती सोपी करून सांगत आले. पुस्तकं आहेत, व्हिडिओ आहेत. मी स्वतः त्यातलं पुष्कळ वाचलंय आणि अर्ध्यावर सोडलंय. ताईने सोडलं नाही, कारण आठवड्यातून एकदा तिला एका बाईचा फोन यायचा. दहा-पंधरा मिनिटं. 'दुसरी पायरी झाली का? नाही? मग ती दोन भागांत करू या.' सोबतीला कुणी असलं की असे कोर्स जास्त जण पुरे करतात, हे अभ्यासांतही दिसून आलंय. सरकार खरा खर्च करतं तो या दहा मिनिटांवर. (आणि तो फोन ताई उचलायची. मी विचारलं तर म्हणाली, "तिच्याकडून वाईट बातमी यायचं कारणच नव्हतं.")

आपल्याकडे बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६मध्ये बारा राज्यांत पाहणी केली, तेव्हा वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येऊन गेल्याचं दिसलं. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. असता तरी, 'तुम्हाला नैराश्य आहे का' याला माझ्या ओळखीतल्या किती जणांनी हो म्हटलं असतं? आपण म्हणतो कशात मन लागत नाही, डोकं जड झालंय, अंगात त्राण नाही, जीव घाबरा होतो. बायका बऱ्याचदा 'ॲसिडिटी' म्हणतात.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. ती दिवसरात्र चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. ते ऐकून घेतात, समुपदेशन करतात, गरज असेल तर पुढे कुठे जायचं ते सांगतात. आठ आठवडे बोट धरून चालवणारा मराठी कोर्स मात्र सरकारने अजून करायला हवा आहे, पाठीमागे दर आठवड्याला फोन करणाऱ्या माणसासकट. तोवर हा क्रमांक फ्रिजवर, गॅस सिलिंडरच्या नंबराशेजारी लावून ठेवायला हरकत नाही: १४४१६.

आणि तुमच्या घरातलं कुणी बरेच दिवस फोन उचलत नसेल, तर रुसण्याआधी त्याला एक मेसेज टाका. झोप लागते का, एवढंच विचारा.