घराचे डोळे, देहाच्या खिडक्या



'खिडकी' हा आपला रोजचा शब्द. संस्कृतात मात्र तिला 'गवाक्ष' असेही म्हणतात; गो म्हणजे गाय किंवा बैल आणि अक्ष म्हणजे डोळा. इंग्रजीतला 'विंडो' जुन्या नॉर्स भाषेतून आला; त्याचा मूळ अर्थ 'वाऱ्याचा डोळा'. चौथ्या शतकात बायबलचे गॉथिक भाषेत भाषांतर झाले, त्यात खिडकीसाठी 'डोळा-दार' अशा अर्थाचा शब्द आहे. दमास्कसमध्ये संत पौलाला टोपलीत बसवून तटाबाहेर उतरवले, ते ह्याच 'डोळा-दारा'तून. एकमेकांपासून इतक्या दूरच्या लोकांनी घराला डोळे असतात असेच मानले.

मग डोळा ही देहाची खिडकी आहे का? रोमन विचारवंत सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वी तसेच लिहिले. त्याच्या मते डोळे स्वतः पाहत नाहीत, पाहते ते मन. डोळे ह्या मनाच्या जणू खिडक्या आहेत. शरीरशास्त्रही ह्याच्या जवळपास येते. डोळ्याच्या पुढच्या भागात पारपटल, म्हणजेच कॉर्निया असते. त्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणूनच ते काचेसारखे स्वच्छ राहते. त्यामागची बाहुली म्हणजे तर एक छिद्रच. प्रकाश कमी-जास्त झाला की ती मोठी-लहान होते. 'बाहुली' हा शब्दही किती बोलका! समोरच्याच्या डोळ्यांत आपलीच इवलीशी प्रतिमा दिसते. पण त्यासाठी जवळ जावे लागते.

ही काच गढूळ झाली तर आतला माणूस अंधारात राहतो. 7 डिसेंबर 1905 रोजी डॉ. एडुआर्ड झिर्म ह्यांनी, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोउत्स शहरात, चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर पारपटल रोपणाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. पारपटल एका अकरा वर्षांच्या मुलाचे होते. मजुराला पुन्हा दिसू लागले. पण त्या मुलाचे पाहणे त्याच्याकडे गेले नाही. गेली ती फक्त काच. पाहणारा हा मजूरच होता.

आपल्या घरी कुणाचे निधन होते तेव्हा नेमका हाच प्रश्न दारात उभा राहतो. कुणीतरी हळूच नेत्रदानाचे सुचवते आणि आपण म्हणतो, "नको, आयुष्यभर ज्या डोळ्यांनी माया केली, ते तरी राहू देत." ह्या बोलण्यात हट्ट नसतो, प्रेम असते. त्याची थट्टा कुणी करू नये. परंतु माया करणारी आई म्हणजे तिचे डोळे नव्हेत. ती त्या खिडकीतून आपल्याकडे पाहत होती. आता खिडकीत कुणी नाही. काच मात्र अजून स्वच्छ आहे. ती मातीत जावी की कुणाच्या तरी अंधाऱ्या घराला बसवावी? मरणोत्तर अवयवदान हे उदात्त कृत्य आहे, असे आपली ख्रिस्तसभाही शिकवते.

त्या घडीला विचार करायला उसंत नसते. नेत्रदान साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते. चष्मा असला किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली तरी ते करता येते आणि चेहरा विद्रूप होत नाही. म्हणून हे बोलणे आजच, रविवारच्या जेवणाला सगळे एकत्र बसू तेव्हा, होऊ द्या. आपल्या मनात काय आहे ते मुलांना सांगून ठेवू या आणि वडीलधाऱ्यांची इच्छाही विचारून घेऊ या. त्यांनी नको म्हटले तर तेही मानू या. दान मागून घ्यायचे नसते, ते मनातून यावे लागते.