आधी आलेला आणि हुशार

संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात महिन्याभरात कोण हुशार ठरतं, ते बघण्यासारखं असतं. सरांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत ज्याचं उत्तर तयार असतं, तो हुशार. घरी संगणक होता, दहावीपासून कोड लिहितोय, वर्गात आज जे चाललंय ते त्याने केव्हाच करून टाकलेलं आहे. त्याला येतं, यात खोटं काही नाही. पण आज येतं म्हणजे डोकंच त्या कामाचं आहे, असा निष्कर्ष सगळे काढतात. त्यात शेजारी गप्प बसलेली मुलगीही आली. तिनं आयुष्यात पहिल्यांदा ‘लूप’ पाहिलेला असतो आणि आपल्यात ते नाहीच, असं तिनं मनाशी ठरवून टाकलेलं असतं. आधी मिळालेल्या संधीला उपजत बुद्धी समजायचं, या एका गफलतीपायी विद्यापीठांचे तंत्रज्ञान विभाग एकाच छापाच्या माणसांनी भरत गेले, असं माझं मत आहे.

अमेरिकेत हे ढळढळीत दिसलं. तिथे 1980 च्या दशकाच्या मध्यावर संगणकशास्त्राच्या पदवीधरांमध्ये 37 टक्क्यांच्या आसपास स्त्रिया होत्या. पुढच्या पाव शतकात हे प्रमाण 18 टक्क्यांवर आलं. मुलींची अक्कल निम्म्यावर आली असं काही कोणी म्हणणार नाही. मधल्या काळात घराघरांत संगणक शिरला होता आणि जाहिरातींनी तो मुलग्यांचं खेळणं म्हणून विकला होता. मुलगे कॉलेजात शिकूनच येऊ लागले, आणि मास्तरही न कळत त्यांच्याच चालीने शिकवू लागले.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात 1995 साली संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांत मुली होत्या जेमतेम 7 टक्के. तिथले एक सहयोगी अधिष्ठाता अ‍ॅलन फिशर आणि समाजशास्त्रीय अंगाने शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या जेन मार्गोलिस यांनी मग विद्यार्थ्यांना गाठून दीर्घ मुलाखती घ्यायला सुरुवात केली. शंभराहून जास्त विद्यार्थी, आणि त्यांतल्या अनेकांशी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा बोलणं. लहानसहान गोष्टी बाहेर आल्या. घरात संगणक आला की तो बहुधा मुलाच्या खोलीत जायचा. बहीण परवानगी घेऊन बसायची. सोडून जाणाऱ्या मुलींमध्ये चांगले गुण मिळवणाऱ्याही होत्या. रात्रंदिवस मशीनला चिकटलेल्या मुलांकडे बघून त्या स्वतःला मोजायच्या आणि कमी भरायच्या. शिवाय संगणकाचा उपयोग कशाला, वैद्यकाला की शिक्षणाला, हा प्रश्न त्यांच्या मनात आधी यायचा. नुसत्या यंत्राच्या नादाला लागणं म्हणजेच खरी आवड, अशी तिथली समजूत असल्याने हा प्रश्नही कमीपणाचा ठरायचा.

आता मुद्द्याची गोष्ट. येताना किती प्रोग्रॅमिंग येत होतं, यावरून शेवटी कोण यशस्वी होईल हे सांगता येत नव्हतं. सुरुवातीची आघाडी ओसरत होती. एवढं कळल्यावर उपाय आपोआप सुचत गेले. त्या वेळचे अधिष्ठाता राज रेड्डी (आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले, 1994 चे ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी) यांच्या काळात प्रवेशाच्या वेळी जुन्या प्रोग्रॅमिंगला मिळणारं झुकतं माप काढून घेतलं गेलं. गणित-विज्ञानाची अपेक्षा होती तेवढीच राहिली. ज्याची जेवढी तयारी, त्याप्रमाणे पहिल्या वर्षाला वेगवेगळे वर्ग ठेवले, पुढे सगळे एकाच वाटेला लागले. शाळांमधल्या संगणक शिक्षकांसाठी उन्हाळ्यात प्रशिक्षण सुरू झालं. 2000 साली प्रवेश घेणाऱ्यांत मुली 42 टक्के होत्या.

यावर ठरलेला आक्षेप येतो, की दर्जा खाली आणला असणार. पण काढून टाकलेली गोष्ट दर्जाची नव्हतीच. यश सांगू न शकणारी चाळणी होती ती. उलट ती होती तोवर चांगली माणसं बाहेर राहत होती, आणि त्याबद्दल दर्जाच्या राखणदारांनी कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

कॅलिफोर्नियातल्या हार्वे मड कॉलेजने हीच गोष्ट आणखी बारकाईने केली. 2006 साली गणितज्ञ मारिया क्लावे तिथे अध्यक्ष झाल्या, त्या सुमारास प्राध्यापकांनी पहिला अभ्यासक्रम मोडून नव्याने बांधला. जावाच्या जागी पायथन आणली. आधी प्रोग्रॅमिंग न केलेल्यांची तुकडी वेगळी केली. मला यातला सर्वांत शहाणा उपाय वाटतो तो मात्र अगदी साधा आहे. वर्गात सतत हात वर करून आपलं ज्ञान पाजळणाऱ्या मुलाला प्राध्यापक तासानंतर बाजूला घेतात. तुझ्याशी बोलायला मला आवडतं, पण इतरांना दडपण येतं, तेव्हा हे आपण दोघं माझ्या खोलीत बोलू, असं गोडीत सांगतात. मुलाचा अपमान होत नाही, वर्गाला श्वास घेता येतो. संगणकशास्त्रात मुली दहा टक्क्यांच्या आसपास होत्या, त्या काही वर्षांत चाळीसवर गेल्या.

पण मुलींचा प्रश्न सुटला म्हणजे सगळ्यांचा सुटला असं नाही. मार्गोलिस यांनी नंतर लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांचा अभ्यास केला. 2008 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात अमेरिकेतल्या पोहण्याच्या तलावांचा दाखला आहे. कृष्णवर्णीयांना कित्येक पिढ्या तलावांवर आणि किनाऱ्यांवर येऊ दिलं नाही, आणि मग त्यांच्या शरीराचीच ठेवण पोहण्याची नाही असं ठरवलं. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही असं आपण म्हणतो. इथे पाण्यापर्यंतच जाऊ दिलेलं नव्हतं. त्या शाळांत संगणक होते. फक्त त्यांवर टायपिंग आणि कापा-चिकटवा शिकवत होते.

हे वाचताना आपल्याकडचं चित्र डोळ्यांपुढे येतंच. महाराष्ट्रात अभियांत्रिकी प्रवेशात मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव आहेत आणि कॉम्प्युटर शाखेत मुलींची वानवा नाही. इथली आघाडी वेगळ्या ठिकाणी मिळते. तालुक्याच्या गावातून मराठी माध्यमातून आलेल्या मुलाकडे एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र असतं, म्हणजे वर्ड-एक्सेल येतं. कोड लिहिणं म्हणजे काय, हे तो थेट अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला बघतो, आणि कंपायलर चूक दाखवतो ती इंग्रजीत. एका मशीनवर तिघं-चौघं बसवले की कीबोर्ड कोणाकडे जातो हे सांगायला नको. बाकीचे आउटपुट उतरवून घेतात, जर्नल पूर्ण होतं, सबमिशन वेळेवर होतं. ओरलला मात्र कीबोर्डवाला बोलतो. सेमिस्टर संपेपर्यंत कोण हुशार हे पक्कं झालेलं असतं.

आयआयटींमध्ये ही आघाडी क्लासच्या रूपात येते. मुलाला कोट्याला धाडणारे आईबाप मुलीच्या वेळी कचरतात, तेव्हा रँकमध्ये बुद्धीबरोबर हेही मोजलं जातं. मुलींचं प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत राहिलं, म्हणून 2018 पासून त्यांच्यासाठी जादा जागा काढल्या: पहिल्या वर्षी लक्ष्य 14 टक्के, 2020 ला 20. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण होणं त्यांनाही चुकलेलं नाही. ‘कोट्यातली’ हा शेरा मात्र चिकटतोच. कोटा शहरातून आलेल्याला तो कोणी लावत नाही, हा एक विनोदच.

दार रुंद झालं तरी आत शिकवायला कोणाला उभं करायचं, हा प्रश्न उरतो, आणि विद्यापीठाची स्वतःची माणसं तिथेच घडतात. लॅबमध्ये मदतीला विभाग साधारणपणे सर्वांत वेगवान विद्यार्थी निवडतो. नवखा सेमीकोलन विसरला की हा त्याच्या हातातून माउस घेतो आणि दहा सेकंदांत प्रोग्रॅम चालू करून देतो. मागच्याच वर्षी जी स्वतः त्या सेमीकोलनपाशी अडली होती, तिला ठेवलं तर ती माउसला हात लावणार नाही. एररमधला ओळीचा नंबर वाचायला सांगेल, त्याच्या आधीची ओळ बघायला सांगेल, आणि तो शोधेपर्यंत थांबेल. त्या तासाला चार प्रोग्रॅम कमी होतील. विभागप्रमुखांना ते चालवून घ्यावं लागेल.