भिंतीकडील बाजू

जुन्या वस्तूंचा नाद हा थोडासा फसवणुकीचाच नाद आहे, असें म्हटलें तर तो नाद असलेले माझे स्नेही रागावतील. पण मीहि त्यांच्यांतलाच एक असल्यामुळें तसें म्हणण्याचा मला अधिकार आहे. फसवणूक नेहमीं दुकानदारच करतो असें नव्हे. पुष्कळदां गिऱ्हाईक फसण्याच्या तयारीनेंच दुकानांत शिरतें, आणि दुकानदाराला फक्त गप्प बसावें लागतें. या गप्प बसण्याविषयींच मला येथें थोडें लिहावयाचें आहे. त्याला निमित्त झालें आहे आमच्या दिवाणखान्यांतील एक कन्सोल टेबल.

‘कन्सोल’ हा शब्द मूळचा फ्रेंच, आणि तोहि वास्तुशास्त्रांतला. भिंतींतून पुढें आलेल्या भागाला खालून जो वळणदार आधार देतात त्याचें हें नांव. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून फ्रान्समधील राजवाड्यांत व सरदारांच्या घरांत अशा आधारांवर संगमरवरी फळी बसवून ती भिंतीला जखडूं लागले. तेंच कन्सोल टेबल. पुढें दोन पाय, क्वचित् एकच. मागें एकहि नाहीं. भिंत काढून घेतली तर तें उभेंच राहावयाचें नाहीं. दोन खिडक्यांच्या मधल्या जागेंत तें ठेवीत आणि वर उंच आरसा लावीत. रात्रीं त्यावर मेणबत्त्या ठेवल्या म्हणजे त्यांचा उजेड आरशांत दुणावे. इंग्लंडांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रॉबर्ट ॲडमसारख्या रचनाकारांनीं अशा टेबलांना अर्धगोल, हलकें रूप दिलें, आणि तेथें मागच्या पायांचीहि सोय झाली. एक गोष्ट मात्र बहुधा कायम राहिली. समोरची बाजू कोरीव कामानें आणि सोन्याच्या वर्खानें नटविलेली, तर भिंतीकडची बाजू ओबडधोबड. जी दिसावयाची नाहीं तिच्यावर श्रम कशाला खर्चावयाचे, असा त्या कारागिरांचा रोखठोक हिशेब होता. त्यांत लबाडी नव्हती. टेबल भिंतीला लावावयाचें हें करणाऱ्याला ठाऊक होतें, तसें घेणाऱ्यालाहि ठाऊक होतें. म्हणून आजहि जाणता मनुष्य असलें टेबल पाहावयास गेला कीं प्रथम त्याची पाठ पाहतो.

मीं ती पाहिली नाहीं. मुंबईंतील एका जुन्या सामानाच्या दुकानांत तें मला दिसलें: अर्धगोल, काळसर लाकडाचें, निमुळत्या पायांचें. “जुना माल आहे, इंग्रजी धाटणीचा. भिंतीला लावा, वर आरसा टांगा,” एवढेंच दुकानदार म्हणाला, आणि त्यांतील अक्षरन् अक्षर खरें होतें. मीं दिलेली किंमत येथें लिहीत नाहीं. हें मासिक आमच्या घरींहि वाचलें जातें.

बारा वर्षें तें टेबल सुखानें उभें होतें. मग एका पावसाळ्यांत त्याचा एक पाय खिळखिळा झाला म्हणून सुताराला बोलाविलें. त्यानें तें चटईवर उलटें घातलें, सरळ कडेवरून बोट फिरविलें आणि चौकोनी भोकें दाखविलीं. तीं लाकडाचे तुकडे ठोकून बुजविलेलीं होतीं आणि वरून रंग दिलेला होता. “साहेब, हे अर्धं आहे,” तो म्हणाला, “ह्याचा जोडीदार दुसरीकडं असंल.”

त्याचें म्हणणें बरोबर होतें. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत जेवणाचीं मोठीं टेबलें तुकड्यातुकड्यांनीं करीत. दोन टोकांना दोन अर्धगोल भाग, आणि पाहुणे येतील तशा मध्यें फळ्या जोडावयाच्या. फळीचीं कुसें त्या भोकांत बसत. कालांतरानें मधल्या फळ्या हरवतात. मग व्यापारी दोन्ही टोकें वेगळीं करतात आणि दोन कन्सोल टेबलें म्हणून दोन घरीं विकतात.

परंतु प्रकरण इतकें सोपें नाहीं. पाहुणे नसत तेव्हां हीं टोकें त्या काळच्या घरांतहि भिंतीशीं लावून ठेवीत. म्हणजे आमचें टेबल जन्मापासूनच अर्धा वेळ भिंतीचें होतें. मग त्याला कन्सोल म्हणणें सर्वस्वीं खोटें कसें? या युक्तिवादाच्या आधारावर मीं कांहीं महिने समाधानांत काढले. खटकत होती ती एकच गोष्ट. तीं भोकें उघडीं ठेवलीं असतीं तर टेबलाचें कांहींच बिघडत नव्हतें. बुजवून वर रंग देणाऱ्या हाताला कांहींतरी लपवावयाचें होतें.

पुढें कॉलेजांतील माझ्या एका सहकाऱ्यानें नवें घर घेतलें. माझ्या पुस्तकांना जागा हवी होती, त्यांना टेबल हवें होतें. त्यांनीं आपण होऊन सांगितलेली किंमत माझ्या अपेक्षेपेक्षां अधिक होती. मीं म्हणालों, “जुनें आहे, इंग्रजी धाटणीचें आहे.” ते गेल्यावर माझ्या ध्यानांत आलें कीं, हें तर त्या दुकानदाराचें वाक्य!

हा प्रश्न दोन हजार वर्षांचा जुना आहे. सिसेरोनें इ. स. पूर्वीं ४४ मध्यें आपल्या मुलासाठीं कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला त्याच्या तिसऱ्या भागांत एक घर विकावयास निघालें आहे. घर रोगट आहे, त्याचें लाकूड वाईट आहे, आणि हें मालकावांचून कोणाला ठाऊक नाहीं. त्यानें तें सांगावें कीं नाहीं? बाबिलोनचा डायोजीनीस म्हणतो, न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. ‘रोगट घर विकणें आहे’ अशी दवंडी कोण पिटील? त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखविण्यासारखेंच हें पाप आहे. सिसेरो शिष्याच्या बाजूला जातो. प्रत्येक मौन म्हणजे लपवणूक नव्हे, हें त्यालाहि मान्य आहे. पण ज्याला कळणें जरूर आहे त्याला तें आपल्या लाभासाठीं कळूं न देणें, ही लपवणूकच.

आपल्याकडील १८७२ च्या करारविषयक कायद्याचें सतरावें कलम इतकें कडक नाहीं. त्यांतील उदाहरण मोठें बोलकें आहे. एकजण लिलावांत घोडा विकतो. घोड्यांत खोड आहे हें ठाऊक असून गप्प बसतो. ही फसवणूक नव्हे. पण घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल तर मात्र सांगणें त्याचें कर्तव्य ठरतें. लिलाव आणि लेक यांच्यामधून कोठेंतरी कायद्यानें रेघ ओढली आहे. ज्या गृहस्थांबरोबर मीं वीस वर्षें एका टेबलाशीं चहा घेतला, ते त्या रेघेच्या कोणत्या बाजूला बसतात, हें मला कलम वाचून कळेना. धर्मराजानें अश्वत्थाम्याविषयीं उच्चारलेलें वाक्य तर शब्दशः खरें होतें, फक्त त्याचा शेवट ऐकूं न जाईल असा होता. तेवढ्यानें भूमीपासून चार अंगुळें वर चालणारा त्याचा रथ खालीं टेकला. मीं तर वाक्य पुरेंहि केलें नव्हतें.

यावर खरा आक्षेप निराळाच आहे. सांगून कोणाचें भलें होणार? न सांगतां त्यांनीं त्या टेबलाचा जन्मभर आनंद घेतला असता. या आक्षेपाला मीं हसण्यावारीं नेत नाहीं. बारा वर्षें तोच आनंद मीहि घेतला आहे. पण सुतारानें भोकें दाखविलीं तेव्हां मला वाईट वाटलें तें टेबल अर्धें निघालें म्हणून नव्हे. दुकानांत आम्हीं दोघे हसत बोलत होतों तेव्हां एकाला ठाऊक होतें आणि दुसऱ्याला नव्हतें, हें आठवून वाईट वाटलें. दुकानदाराशीं माझा संबंध तासाभराचा होता. येथें तर रोजची गांठ होती.

“अहो, त्यांना ती भोकं दाखवलीत का?” पत्नीनें विचारलें. मीं म्हटलें, दाखवीन.

रविवारीं ते टेम्पो घेऊनच आले. मीं टेबल पुढें ओढलें, फिरविलें आणि सर्व सांगितलें. त्यांनीं कडेवरून बोट फिरविलें व बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग जरा त्रासिकपणें म्हणाले, “हे सांगायची काय गरज होती हो? आता मला तेवढंच दिसत राहणार.” टेम्पोवाल्याला अर्धें भाडें देऊन त्यांनीं परत पाठविलें. चहाहि घेतला नाहीं. पुढें कांहीं महिने स्टाफरूममध्यें आमचें बोलणें कामापुरतेंच होत असे.

टेबल अजून आमच्याकडेच आहे. ते गेल्यावर मीं तें जागेवर नेऊन ठेवलें, पूर्वींसारखेंच, भिंतीला चिकटवून.