चार थेंब तेल

बर्डीच्या एका गल्लीत माझं वायरींचं दुकान आहे. क्लचच्या, ब्रेकच्या, ॲक्सिलेटरच्या वायरी. स्कूटर असो की ऑटो. नागपूरला समुद्र नाही, पण आसपास तलाव आहेत आणि तलावांवर मोटरबोटी. त्यांचं काही अडलं की माणसं बर्डीच गाठतात.

2023च्या मे महिन्यात एक बोटवाला पोत्यात कंट्रोल बॉक्स आणि केबल गुंडाळून घेऊन आला. "भाऊ, लिव्हर लय जाम झालं. दोन्ही हात लावा लागते."

जाम कुठे आहे हे शोधायला पाच मिनिटं लागतात. बॉक्समधून केबल सोडवली आणि लिव्हर हलवून पाहिला. मोकळा फिरला, म्हणजे बॉक्स चांगला. मग केबलचं टोक हातात धरून ढकललं, तर ती अडून अडून सरकली. मधे उंदरानं आउटर कुरतडलं होतं, तिथून धूळ गेलेली. आतलं ग्रीस आपल्याकडच्या उन्हाळ्यानं वाळून गोंदासारखं झालेलं. वरून इंजिनकडच्या टोकाला ती इतकी घट्ट वाकवलेली, की इनर आतल्या नळीवर रोज घासत असणार. अशी केबल बदलायचीच असते. तिच्यात तेल ओतलं की चार दिवस बरं वाटतं. मग आतलं प्लास्टिक फुगतं, तेलावर धूळ बसते आणि ती आधीपेक्षा जास्त जाम होते.

मला हे माहीत होतं. विसरलो होतो असं म्हणायची सोय नाही.

तेवढ्या लांबीची केबल दुकानात नव्हती. मुंबईहून मागवायची तर चार-पाच दिवस. तो म्हणाला, "काम चालवून द्या ना जी, उद्या रविवार आहे." मी केबल खिळ्याला टांगली. वरून आधी रॉकेल सोडलं, मग तेल. खाली वर्तमानपत्रावर काळं पाणी ठिबकत राहिलं. वीसेक वेळा ओढली-ढकलली आणि ती लोण्यासारखी चालायला लागली. तो खूश. बिलावर 'केबल सर्व्हिस' लिहिलं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि ही हुशारी मला तेव्हा आवडलीही होती. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल ही भीती होतीच, पण ती निम्मीच. तुमच्या हाताला यश आहे, असं कोणी म्हटलं की मला नाही म्हणवत नाही.

स्कूटरची सवय अंगात मुरली की बोटीचा फरक ध्यानात राहत नाही. स्कूटरची मूठ सोडली की स्प्रिंग तिला मागे आणते. या बोटीच्या लिव्हरला तशी स्प्रिंग नाही. तो जिथे ठेवला तिथेच राहतो. केबल ढकलायचीही असते आणि ओढायचीही. वेग कमी करून न्यूट्रलला यायचं ते माणसाच्या हातानंच. तो हात अडला तर बोट पुढेच जाणार.

23 सप्टेंबरच्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली. मोरभवन बसस्टँडला बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. मोबाइलवर एक व्हिडिओ आला. वस्तीत रबरी बोट, मागे बसलेल्या जवानाचा हात इंजिनच्या दांड्यावर. गेटच्या लोखंडी टोकांजवळ येताच त्यानं मूठ हलकेच फिरवली आणि बोट थांबल्यासारखी झाली. गॅलरीतून एक म्हातारी पाय खाली सोडत होती. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. म्हातारीसाठी नाही, त्या मुठीसाठी. उद्या त्या बोटवाल्याला फोन करायचा, असं ठरवलं. केला नाही. दुकानात शिरलेला चिखल काढायचा होता, हे कारण आठवडाभर पुरलं. पुढच्या आठवड्याला तर कारणही लागलं नाही.

दिवाळीच्या आधी तो स्वतःच आला. लिव्हर पुन्हा जाम. बोट एकदा धक्क्यावर आदळून नाकाचं फायबर तडकलं होतं. कोणाला लागलं नव्हतं. हे त्यानं सहज सांगितलं, तक्रार म्हणून नाही. मी नवी केबल मागवली, ती आली तसा तलावावर जाऊन मोठा वळसा देऊन बसवली. पैसे नेहमीचेच घेतले.

पैसे मोजता मोजता तो म्हणाला, "तेव्हाच बदलवली असती तं दोनदा येनं पडलं नसतं ना जी?"

"तेव्हा बरी होती," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली. जुनी केबल उचलून पोत्यात घालायला लागला. काही बांधायला कामी येते म्हणाला. "राहू द्या, मी टाकतो," म्हणून मी ती त्याच्या हातातून घेतली. कोणी सोलली असती, तर आत माझं तेल दिसलं असतं.